जुन्या वाद्याचें मोल

जुनी वस्तु घरांत असणें हें एका दृष्टीनें ओझेंच असतें. ती टाकवत नाहीं, वापरवत नाहीं, आणि विकावयास काढली तर तिची खरी किंमत सांगणारा माणूस आसपास भेटत नाहीं. तांब्यापितळेचीं भांडीं असलीं तर तीं मोडीच्या भावानें तोलून देतां येतात. पोथी असली तर ती एखाद्या संशोधन-संस्थेच्या स्वाधीन करून मोकळें होतां येतें. परंतु वस्तु जर वाद्य असेल, आणि त्या वाद्यावर आधींच्या मालकानें कानस, पटाशी व डाख यांचा मनमुराद प्रयोग केलेला असेल, तर प्रश्न अवघड होतो. अशा वाद्याचें मोल घटलें म्हणावयाचें कीं वाढलें? घटलें असेल तर दोष कोणाचा? हा प्रश्न गेल्या वर्षीं मजपुढें प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. त्याचा मागोवा घेतां घेतां जो थोडा इतिहास हातीं लागला, तो वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

दिवाळीच्या सुटींत वाशीमला माझ्या घरीं एक जुना विद्यार्थी आला. हातांत जाड सुती चादरींत गुंडाळलेली एक लांबट वस्तु होती. उघडून पाहतां ती विजेवर वाजणारी गिटार निघाली. त्याचे चुलते मुंबईस ऑर्केस्ट्रांतून गिटार वाजवीत. उतारवयांत ते गांवीं परतले आणि तेथेंच वारले. गिटार अमेरिकेंतील फेंडर कंपनीची, 'स्ट्रॅटोकॅस्टर' या नांवाची. दांडी चार स्क्रूंनीं धडास जोडलेली असते. ती सोडवून पाहिली तेव्हां तिच्या टोकावर १९६६ सालाचा शिक्का दिसला. म्हणजे वाद्य खरोखरीच जुनें होतें. पण त्याची दशा काय वर्णावी! मूळचा रंग खरवडून त्यावर मोटारीला देतात तसला लाल ड्यूको फांसलेला. सहाही खुंट्या बदललेल्या. धडाच्या लांकडांत पटाशीनें खांच वाढवून तींत भलतेंच यंत्र बसविलेलें. आणि मागच्या बाजूस कशासाठीं तरी पाडलेलें एक भोंक लांबीनें बुजविलेलें.

मुंबईच्या एका जाणकार व्यापाऱ्यास त्यानें ती आधींच दाखविली होती. व्यापाऱ्याचें म्हणणें असें कीं, वाद्य अस्सल स्थितींत राहिलें असतें तर मोठी रक्कम आली असती. आतां तिचा चौथा हिस्सा आला तरी नशीब समजावें. विद्यार्थ्याच्या काकू हयात आहेत आणि गिटार त्यांची आहे. नातीला परिचारिकेच्या शिक्षणक्रमास घालावयाचें होतें व तिच्या फीची विवंचना होती. "सर," तो म्हणाला, "हा लाल रंग काढून मूळचा रंग देऊन घेतला तर किंमत परत येईल का? कीं काकांनीं वाद्याचें वाटोळेंच केलें म्हणावयाचें?" दुसरा प्रश्न विचारतांना त्याचा आवाज जरा खालीं आला. काकूंनींही त्याला हेंच विचारलें असावें, असें मला वाटलें.

मी संगीतज्ञ नव्हे. इतिहास शिकविणें हा माझा धंदा. परंतु वरच्या थराखालीं काय आहे, तो थर कोणी दिला, आणि तो काढण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न आमच्या या जिल्ह्यास नवे नाहींत. मालेगांव तालुक्यांतील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीच्या लेपावरून जैनांच्या दोन संप्रदायांत गेल्या शतकाच्या आरंभीं जो वाद सुरू झाला, तो अकोल्याच्या न्यायालयांतून नागपुरास आणि तेथून १९२९ सालीं थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. इतकेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, वरचा पातळ थर म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असें ज्यांना वाटतें त्यांनीं एकदां शिरपूरचा इतिहास वाचावा. गांवोगांवच्या मारुतीची गोष्टही हीच. पिढ्यानपिढ्या चढविलेल्या शेंदराचें कवच भक्ताच्या दृष्टीनें पूजा असतें. तेंच मूर्तिशास्त्रज्ञाच्या दृष्टीनें मूळ शिल्प झांकणारें आवरण असतें. दोघेही खोटें बोलत नाहींत. दोघांचें मोजण्याचें माप वेगळें आहे.

वाद्यांच्या बाबतींत तर मापांचा हा फरक फारच स्पष्ट दिसतो. आधीं आपल्याकडचें उदाहरण घेऊं. मिरजेचे तंबोरे व सतारी सर्व हिंदुस्थानांत नांवाजलेल्या आहेत; २०२४ सालीं त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. एकोणिसाव्या शतकांत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तेथें या धंद्याचा पाया घातला. हत्यारें मागें पडलीं. धार लावणारे हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. आतां तंबोऱ्याची जवारी कशी असते पाहा. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग अत्यंत सूक्ष्म उताराचा घांसावा लागतो. त्यावर तार टेंकत टेंकत कंप पावते म्हणूनच तो भरदार, गुंजणारा स्वर निघतो. तारेखालीं सुताचा धागा सरकवून तो नेमका साधतात. परंतु वाजवितां वाजवितां तार घोडींत चरे पाडते आणि आवाज बसतो. मग कारागीर घोडी पुन्हां घांसतो. कांहीं वर्षांनीं घोडीच बदलावी लागते. भोपळा तडकला तर तो सांधतात. खुंटी झिजली तर नवी करतात. अशा शंभर वर्षांच्या तंबोऱ्यांत मूळच्या कारागिराच्या हातचें किती उरलें हा हिशेब कोणी गवई करीत बसत नाहीं. तो तारा छेडतो, कान देतो आणि मान डोलावतो किंवा हलवितो. त्या बाजारांत मोल ठरविणारा न्यायाधीश कान आहे. जवारी कधींच न काढलेला, अगदीं 'अस्सल' तंबोरा हा त्याच्या लेखीं मुका तंबोरा होय.

युरोपांतही पूर्वीं हेंच चालत असे. इटलींतील क्रेमोना गांवचा आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ सालीं वारला. त्याच्या व्हायोलिनांची कीर्ति वाचकांनीं ऐकली असेलच. परंतु आज वाजत असलेलीं त्याचीं बहुतेक सर्व व्हायोलिनें मागाहून बदललेलीं आहेत, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस संगीत राजवाड्यांच्या दालनांतून मोठ्या सभागृहांत आलें. आवाज अधिक हवा झाला, तारांचा ताण वाढला. तेव्हां पॅरिस व इतर ठिकाणच्या कारागिरांनीं या व्हायोलिनांच्या माना काढून अधिक लांब व अधिक कललेल्या माना बसविल्या, आणि आंतील आधाराची पट्टी काढून जास्त भक्कम पट्टी चिकटविली. आजच्या भाषेंत ही 'भारी फेरफारा'चीच जात. तरीही १७२१ सालचें 'लेडी ब्लंट' हें स्त्रादिवारीचें व्हायोलिन २०११ सालीं लिलांवांत सुमारें १ कोटी ५९ लक्ष डॉलरांना गेलें. त्याची मूळ मानही टिकलेली नव्हती. बाकी शरीर मात्र अत्यंत सुरक्षित राहिलें होतें. फेरफार होऊनही किंमत पडली नाहीं याचें कारण उघड आहे. सर्वांचाच फेरफार झाला. तुलनेसाठीं न बदललेला ढीग कोठें शिल्लक राहिलाच नाहीं. म्हणून बाजारानें मानेकडे कानाडोळा केला आणि धडावरच्या मूळ रोगणावर नजर रोखली. रोगण खरवडलेलें असेल तर त्या बाजारांतही किंमत उतरतेच.

मग विजेच्या गिटारीचीच गोष्ट निराळी कां? तिचें वय किती थोडें आहे हें आधीं लक्षांत घ्यावें. १९३१ सालीं अमेरिकेंत जॉर्ज बीचम यानें अॅल्युमिनियमच्या गोल धडाची एक गिटार तयार केली आणि अॅडॉल्फ रिकनबॅकरच्या साह्यानें ती पुढील वर्षीं विक्रीस आणली. आकारावरून लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. तारांखालीं चुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचे वेढे. तार हालली कीं वेढ्यांत वीज उत्पन्न होते आणि ती मोठी करून भोंग्यांतून ऐकूं येते. वादक या यंत्रास 'पिकअप' म्हणतात. आपल्या १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें वस्तु पुराणवस्तु ठरावयास सामान्यतः शंभर वर्षें लागतात. त्या हिशेबानें जगांतील पहिली विजेची गिटारही अद्याप पुराणवस्तु झालेली नाहीं.

पुढें १९५० सालीं लिओ फेंडर यानें भरीव लांकडाच्या धडाची गिटार बाजारांत आणली व १९५४ सालीं स्ट्रॅटोकॅस्टर. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतः गिटार वाजवीत नसे. त्यामुळें त्यानें वाद्याकडे यंत्राच्या नजरेनें पाहिलें. दांडी गोंदानें न चिकटवितां स्क्रूंनीं बसविली, कारण बिघडली तर सोडून दुसरी लावतां यावी. पिकअप, बटणें, खुंट्या, सर्व कांहीं सुटें. ज्या वाद्याच्या भागांची अदलाबदल व्हावी हाच त्याच्या रचनेचा हेतु, त्याच वाद्याचा एखादा भाग बदलला म्हणून आज बाजार नाक मुरडतो. इतिहासांत असे विनोद पुष्कळ घडतात.

हा विनोद कसा घडला हें पाहण्यासारखें आहे. १९५० ते १९६० या दशकांत या गिटारी कारखान्याचा माल होत्या, आणि कारखान्याचा माल जुना झाला कीं स्वस्त होतो. गिब्सन कंपनीनें १९५८ ते १९६० या काळांत सूर्यास्ताच्या छटेसारख्या रंगाच्या 'लेस पॉल' गिटारी सुमारें दीड हजार केल्या. त्या खपेनात म्हणून कंपनीनें तो नमुनाच बदलून टाकला. आज त्याच गिटारींतील एक अस्सल स्थितींत मिळाली तर लक्षावधि डॉलर पडतात. दरम्यान काय झालें? १९६५ सालीं फेंडरचा कारखाना सीबीएस या रेडिओ-दूरचित्रवाणीच्या कंपनीनें १ कोटी ३० लक्ष डॉलरांना विकत घेतला. पुढील वर्षांत माल वाढला, पण कारागिरी घसरली, असा वादकांचा अनुभव. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें जुन्या लेस पॉलवर वाजविलेली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तो आवाज नव्या वाद्यांतून निघेना. तेव्हां तरुण वादक गहाणवटीच्या दुकानांतून जुन्या गिटारी धुंडाळूं लागले. वादकांमागून संग्राहक आले, आणि संग्राहकांमागून पैसा आला.

या कालक्रमांत एक गोष्ट दडलेली आहे. फेरफार बहुतेक आधीं झाले. किंमत मागाहून आली. ज्यानें पटाशी चालविली त्याच्या हातांत त्या दिवशीं मौल्यवान वस्तु नव्हती. एक वापरलेलें, थोडें गैरसोयीचें हत्यार होतें. एकपदरी पिकअप विजेच्या वाहिन्यांची घरघर पकडतो. यावर उपाय म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यानें दोन वेटोळीं उलटसुलट जोडून घरघर परस्परांत विरून जाईल असा दुपदरी पिकअप काढला. १९५७ पासून तो गिटारींत बसूं लागला. हा पिकअप आकारानें मोठा. तो फेंडरच्या धडांत बसवावयाचा तर लांकूड कोरणें भागच होतें. अशा रीतीनें शेंकडों गिटारी कोरल्या गेल्या. त्या कोरणाऱ्यांस आज अरसिक म्हणणें म्हणजे आजच्या भावानें कालच्या हाताचा न्याय करणें होय. पुण्यामुंबईच्या वाड्यांतील कोरीव खांब जळणाच्या भावानें विकणारे आपले आजोबा आणि तेच खांब आतां दिवाणखान्यांत मिरविणारे आपण, यांत शहाणें कोण हें ठरवितांना थोडें जपून बोलावें, तसेंच हें.

आतां बाजाराचे नियम सांगतों. हे कोणत्याही कायद्यांत नाहींत, पण देवघेवींत ते बहुतेक पाळले जातात. पहिला नियम रंगाचा. मूळ रंग काढून दुसरा दिला कीं, बाकी सर्व कांहीं अस्सल असलें तरी, किंमत साधारणतः निम्म्यावर येते. दुसरा नियम लांकडाचा. भोंक पाडलें किंवा खांच कोरली कीं ती हानि कायमची. बुजविल्यानें ती झांकते, भरून येत नाहीं. तिसरा नियम सुट्या भागांचा. खुंट्या, बटणें, पिकअप बदलले तर किंमत उतरते. परंतु मूळचे भाग जपून ठेवलेले असतील तर बरीचशी परत येते. चौथा नियम झिजेचा. तारांखालचे धातूचे पडदे वाजवून झिजतात आणि ते बदलावेच लागतात. त्याबद्दल बाजार फारसा दंड करीत नाहीं, कारण तंबोऱ्याच्या घोडीप्रमाणें तो वाद्याचा देहधर्म आहे. थोडक्यांत, फेरफार उलटवितां येतो कीं नाहीं, या एका प्रश्नावर निम्मा हिशेब अवलंबून असतो.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो प्रामाणिकपणाचा. १९५२ ते १९५७ या काळांतील सोनेरी रंगाच्या कांहीं लेस पॉल गिटारी घेऊन, त्यांचा रंग काढून, दुपदरी पिकअपांसाठीं लांकूड कोरून त्यांना त्या दुर्मिळ सूर्यास्ती गिटारींचें रूप देणारे कुशल कारागीर आहेत. हें काम उघडपणें सांगून केलें तर त्यालाही गिऱ्हाईक असतें. वादकास लक्षावधि डॉलर न मोजतां त्याच जुन्या लांकडाचा आवाज मिळतो. तेंच वाद्य अस्सल म्हणून विकलें तर ती फसवणूक होते. फेरफार तोच, कारागीर तोच. मोल मात्र सांगण्या-न सांगण्यावर ठरतें.

येथें एक सूज्ञ वाचक आक्षेप घेईल. तो म्हणेल, "फेरफारानें किंमत घटते म्हणतां, मग थोर वादकांच्या मोडक्यातोडक्या गिटारींचे लिलांव कसे गाजतात?" आक्षेप रास्त आहे. एरिक क्लॅप्टन यानें १९७० सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल गांवीं एका दुकानांतून सहा जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर किरकोळ दरानें घेतल्या. तीन मित्रांस वांटल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून स्वतःसाठीं एक काळी गिटार जुळविली. संग्राहकाच्या नियमानें ही गिटार म्हणजे तीन गिटारींची मोड होय. पण २००४ सालीं ती न्यूयॉर्कच्या लिलांवांत ९,५९,५०० डॉलरांना विकली गेली. डेव्हिड गिल्मर याच्या काळ्या स्ट्रॅटोकॅस्टरची हकीकत याहून बोलकी आहे. १९७० सालीं घेतलेल्या त्या गिटारीच्या दांड्या त्यानें अनेकदां बदलल्या, पिकअप बदलले, धडाशीं खेळ केले. २०१९ सालीं तिला ३९ लक्ष ७५ हजार डॉलर मिळाले आणि ती रक्कम पर्यावरणरक्षणाच्या कार्यास गेली.

याचें समाधान असें. तेथें बाजार फेंडरची गिटार विकत घेत नव्हता. एका माणसाच्या हाताचा पुरावा विकत घेत होता. प्रत्येक भोंक, प्रत्येक बदललेला भाग हा त्या हाताची सही झाला होता. अशा वेळीं गिटार 'मूळ' स्थितींत नेणें म्हणजे पुरावा पुसणें ठरेल. परंतु हा न्याय नामवंतांपुरता आहे. ऑर्केस्ट्रांतील अनामिक वादकाच्या हाताला बाजारांत भाव नसतो. त्याची पटाशी बाजाराच्या वहींत केवळ नुकसान म्हणून लिहिली जाते.

आतां त्या अनामिक वादकाकडे वळूं. स्वातंत्र्यानंतर १९९१ पर्यंत परदेशी मालाच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध होते. परदेशी गिटार मुंबईंत यावयाची ती बहुधा एखाद्या प्रवाशाच्या किंवा खलाशाच्या सामानांतून. ती बिघडली तर सुटे भाग मिळत नसत. मग कलकत्त्याच्या बनावटीच्या खुंट्या, लॅमिंग्टन रोडवरचे रेडिओचे भाग, आणि मोटारीचा रंग, यांवरच भागवावें लागे. रंगमंचावरील दिव्यांची घरघर एकपदरी पिकअप पकडी आणि मालक बोलणी खाई. काकूंच्या आठवणीप्रमाणें खांच कोरली ती याच घरघरीपायीं. आणि लाल रंग दिला तो पावसाळ्यांतील एका प्रवासांत मूळचें रोगण उखडलें म्हणून. म्हणजे ज्यास व्यापारी विध्वंस म्हणतो तो एका माणसाचा चरितार्थ टिकविण्याचा खटाटोप होता. ती गिटार बदलली नसती तर कदाचित् ती वाजलीच नसती, आणि त्या घरांत चूल पेटली नसती.

हा खटाटोप कधीं कधीं कलेलाच नवें वळण देतो, हेंही सांगितलें पाहिजे. ब्रिजभूषण काबरा यांनीं गिब्सन कंपनीची भारी किंमतीची गिटार मांडीवर आडवी घेतली, तींत आपल्या संगीतास लागणारे तारांचे फेरफार केले आणि तीवर राग वाजविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांजबरोबरची त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचली. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीस चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ सालीं त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें. अमेरिकन संग्राहकाच्या मोजपट्टीनें असल्या गिटारीची किंमत घसरलेलीच दिसेल. आपल्या संगीतास मात्र एक नवें वाद्य लाभलें. मिरजेच्या कारागिराला या दोहोंपैकीं कोणता निकाल पटेल हें सांगावयास नकोच.

तर मग वाद्याचें मोल तीन ठिकाणीं तीन प्रकारें ठरतें असें म्हणावें लागेल. बाजार विचारतो, 'कारखान्यांतून निघालें तसेंच आहे का?' कान विचारतो, 'वाजतें कसें?' आणि घर विचारतें, 'हें कोणाचें?' भारी फेरफारानें पहिल्या ठिकाणीं मोल जवळजवळ नेहमींच घटतें. दुसऱ्या ठिकाणीं तें घटेल किंवा वाढेल. कारागिरावर अवलंबून आहे. तिसऱ्या ठिकाणीं मात्र फेरफार हाच कित्येकदां मोलाचा भाग असतो. घोटाळा होतो तो एका ठिकाणचें उत्तर दुसऱ्या ठिकाणीं लावल्यामुळें. फीची रक्कम हवी असतां घराचें उत्तर देऊन भागत नाहीं, आणि "काकांनीं वाटोळें केलें का?" या प्रश्नाला व्यापाऱ्याचें उत्तर देणें अन्यायाचें आहे.

विद्यार्थ्याला मीं स्पष्ट सांगितलें कीं, लाल रंग काढून मूळची छटा देण्याच्या भरीस पडूं नये. एकदां रंगविलेली गिटार पुन्हां कितीही सुबक रंगविली तरी बाजार तिला रंगविलेलीच समजतो. पदरचा खर्च मात्र होतो, आणि लांकूड आणखी एकदां खरवडलें जातें. बुजविलेलें भोंकही उकरूं नये. त्याऐवजीं घरांत शोध घ्यावा. जुने वादक काढलेले भाग सहसा फेंकीत नाहींत. चार दिवसांनीं त्याचा निरोप आला. माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सांपडला होता. त्यांत मूळच्या चार खुंट्या, तीन बटणें, आणि तार तुटून मुका झालेला एक पिकअप, कापडांत बांधून ठेवलेला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचें काम १९१९ ते १९६६ इतकीं वर्षें चाललें. त्या पंडितांपुढेंही प्रश्न हाच होता: मूळ कोणतें आणि मागाहून घातलेलें कोणतें? त्यांनीं निवड केली. पण मागाहूनच्या श्लोकांची त्यांनीं विल्हेवाट लावली नाहीं. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे छापले. पुढच्या अभ्यासकास दोन्ही दिसावीं हा हेतु. मला तोच मार्ग गिटारीसाठींही योग्य वाटला. काकूंना समोर बसवून, त्यांच्या आठवणींवरून, कोणता फेरफार सुमारें कोणत्या सालीं, कशासाठीं व कोणाकडून झाला, याची दोन पानांची कैफियत आम्हीं लिहून काढली. कांहीं सालें त्यांना मुलांच्या जन्मावरून आठवलीं. मधून मधून त्या थांबत आणि हाताच्या बोटांनीं लाल रंगावरून नकळत फिरवीत.

कैफियत व डबा यांसह गिटार विकावयाची आहे असें कळविल्यावर आधींच्या व्यापाऱ्यानें आपला भाव थोडा वाढविला. पण ती त्याच्याकडे गेली नाहीं. मुंबईचा एक तरुण वादक ती पाहावयास वाशीमपर्यंत आला. त्याला संग्रह करावयाचा नव्हता, वाजवावयाची होती. तास-दीड तास त्यानें ती माझ्याच बैठकींत वाजवून पाहिली. अस्सल गिटार घेण्याची त्याची ऐपत नव्हती, आणि एवढें जुनें लांकूड त्याला दुसरीकडे त्या दरांत मिळालें नसतें. व्यापाऱ्याहून त्यानें कांहीं अधिक दिलें. नातीची पहिल्या वर्षाची फी त्यांत भागली; दुसऱ्या वर्षाची तजवीज अद्याप व्हावयाची आहे.

जातांना त्यानें मुक्या पिकअपवर पुन्हां तार गुंडाळून तो मूळ जागीं बसविण्याचा बेत सांगितला. काकूंनीं विचारलें, "आणि रंग?" तो म्हणाला, "रंग राहूं द्या, काकू. तो आतां हिचाच आहे." कैफियतीचे कागद त्यानें घडी करून डब्यांत ठेवले आणि डबा पिशवींत घातला. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, तुझ्या हातून कांहीं बदललें तर तेंही त्या कागदावर खालीं लिहीत जा.